नोटेवरची सही

सहाव्या जॉर्जची दहा रुपयांची नोट हातात आली की मुरलेला संग्राहक राजाकडे बघतच नाही. त्याला आधी सही पाहायची असते. टेलर यांची सही असेल तर एक भाव, चिंतामणराव देशमुखांची असेल तर दुसरा. चित्र तेच, कागद तोच, पण सही बदलली की आल्बममधली जागा बदलते. क्रांतीनंतरच्या रशियाच्या नोटा जमवायला घेतल्या तेव्हा ही सवय मी बरोबर नेली, आणि तिथे तिने नोटांपेक्षा माणसांचीच जास्त ओळख करून दिली. १९१८ च्या उत्तरार्धापासून १९३७ पर्यंत सोव्हिएत राज्याचं अर्थखातं ओळीने चौघांनी सांभाळलं: क्रेस्तिन्स्की, सोकोल्निकोव्ह, ब्र्युखानोव्ह आणि ग्रिन्को. तिघांना गोळी घातली गेली, चौथ्याला तुरुंगात मारून टाकलं. रुबलच्या त्या वीस वर्षांची हकिकत सह्यांच्या मागोमाग गेलं तर बरीचशी हाती लागते.

या नोटा दुर्मीळ नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. छापल्याच इतक्या की शंभर वर्षांनंतरही त्यातल्या साध्या नोटा संग्राहकाच्या खिशाला जड जात नाहीत. सुरुवात करणाऱ्याने उगाच दबून जाऊ नये.

महायुद्धापूर्वीचा रशियन रुबल हे मातब्बर चलन होतं. १८९७ मध्ये अर्थमंत्री विट यांनी तो सोन्याला बांधला. नोटा छापणारा सरकारी कारखाना पीटर्सबर्गला फोंतांका नदीकाठी होता, १८१८ पासूनचा. तिथल्या इवान ओर्लोव्ह नावाच्या, खेड्यातून आलेल्या तंत्रज्ञाने १८९० च्या दशकात एक छपाईयंत्र तयार केलं. त्याच्यावर अनेक रंग एकाच ठशावर एकत्र येत आणि एकाच दाबात कागदावर उतरत. त्यामुळे एखादी बारीक रेघ मध्येच हिरव्याची तांबडी होते, पण जोड कुठे दिसत नाही. वेगवेगळ्या ठशांनी रंग चढवणाऱ्या नकली नोटवाल्याला हे जमणं कठीणच. भिंगाखाली त्या काळची नोट धरली की हे रंग बदलणं अजूनही पाहावंसं वाटतं. १९१० ची शंभराची नोट कॅथरीन राणीची, १९१२ ची पाचशेची पीटर द ग्रेटची. ही पाचशेची नोट जवळजवळ साडेसत्तावीस सेंटिमीटर लांब आहे. घडी न घालता ती कुठल्याच पाकिटात मावत नाही, आणि म्हणूनच बिनघडीची मिळाली तर संग्राहक खूश होतो.

१९१४ च्या उन्हाळ्यात युद्ध पेटलं आणि नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद झालं. लोकांनी आधी सोनं दडवलं, मग चांदी, शेवटी तांबंसुद्धा. सुट्ट्या पैशांची इतकी चणचण झाली की १९१५ मध्ये सरकारने टपाल तिकिटंच जाड कागदावर छापून नाण्यांच्या जागी चालवली. रोमानोव्ह घराण्याच्या तीनशे वर्षांनिमित्त काढलेली ती तिकिटं: दहा कोपेकवर दुसरा निकोलस, पंधरावर पहिला निकोलस, वीसवर पहिला अलेक्झांडर. पाठीमागे गोंदाऐवजी मजकूर, की हे चांदीच्या सुट्ट्या नाण्याच्या बरोबरीने चालेल. त्याच युद्धात चांदी अपुरी पडली म्हणून इकडे ब्रिटिश सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी हिंदुस्थानात पहिली एक रुपयाची नोट काढली. आपल्याकडे त्या नोटेने फारसं काही उलथलं नाही. रशियात त्याच महिन्यात सगळंच उलथलं होतं.

त्याआधी मार्च १९१७ मध्ये झार गेला आणि हंगामी सरकार आलं. त्याने अडीचशे आणि हजार रुबलच्या दोन नव्या नोटा काढल्या. हजाराच्या नोटेवर पेत्रोग्राडच्या, म्हणजे पीटर्सबर्गच्याच, तावरीचेस्की राजवाड्याचं चित्र आहे. दूमा, म्हणजे रशियाची लोकसभा, तिथे भरत असे. म्हणून लोक या नोटेला ‘दुम्का’ म्हणू लागले. अडीचशेच्या नोटेवर रशियाचा दुतोंडी गरुड आहे, मात्र मुकुट उतरवलेला, आणि त्याच्या मागे नक्षीत स्वस्तिक. युरोपातल्या लिलावांत ही नोट पुढे आली की आज लोक दचकतात. १९१७ मध्ये तिकडेही ते शुभचिन्हच होतं. मराठी संग्राहकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण हंगामी सरकारचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते ‘केरेन्की’मुळे. पंतप्रधान केरेन्स्कीच्या नावावरून पडलेलं हे नाव. वीस आणि चाळीस रुबलचे हे कागद. नवी नोट तयार करायला वेळ नव्हता, म्हणून वकिलातींत लागणाऱ्या महसुली तिकिटाचा जुना आराखडा उचलला आणि त्यावर आकडे घातले. नोट सहा सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटरहून कमी उंच. क्रमांक नाही, साल नाही, सही नाही. चाळीस-चाळीस नोटांचे अखंड ताव छापून बाहेर पडत आणि लोक आपापल्या घरी कात्रीने कापून घेत. संग्राहकाच्या दृष्टीने गंमत कडांची आहे. केरेन्कीच्या ढिगातून एक एक उचलून पाहावी तर एकीची बाजू तिरपी, दुसरीला शेजारणीची पट्टी चिकटलेली, तिसरी कोणी घाईत फाडून काढलेली. कापणाऱ्याचा हात प्रत्येकीवर उमटलेला असतो, छापणाऱ्याचा एकीवरही नाही. अखंड ताव आज जास्त मोलाचा, कारण त्या काळी तो अखंड ठेवणं कोणाला परवडत नव्हतं.

नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली. हिवाळी राजवाडा एका रात्रीत हाती आला, पण बँक आली नाही. स्टेट बँकेचे गव्हर्नर इवान शिपोव्ह यांनी नव्या सरकारला पैसे द्यायला साफ नकार दिला. कर्मचारी संपावर गेले. क्रांतिकारकांकडे बंदुका होत्या, पण तिजोरीच्या किल्ल्या आणि खातेवह्या कारकुनांकडे. शिपोव्हना बडतर्फ केलं गेलं आणि काही दिवसांनी कशीबशी पहिली रक्कम बाहेर काढता आली.

यानंतरचा भाग मला या सगळ्या कथेत सर्वांत चविष्ट वाटतो. बडतर्फ झालेल्या शिपोव्हची सही नोटांवर तशीच राहिली. बोल्शेविकांनी झारच्या नोटा बंद केल्या नाहीत, उलट त्यांच्याच ठशांवरून छापत राहिले. कारण साधं होतं. खेड्यातला शेतकरी धान्य विकायचा तर त्याला ‘निकोलायेव्का’, म्हणजे निकोलसच्या काळची नोट हवी असे. ती नसेल तर दुम्का, तीही नसेल तर नाइलाजाने केरेन्की. नव्या सरकारचा कागद तो घेईना. मग त्या सरकारने जुन्या सरकारचे कागद छापायचे, त्यावर दुतोंडी गरुड मुकुटासह ठेवायचा, आणि ज्या माणसाने आपल्याला एक रुबल दिला नाही त्याचीच सही खाली घ्यायची. झारच्या काळची एक रुबलची नोट हातात आली तर क्रमांक बघावा. जुन्या छपाईत प्रत्येक नोटेला आपला स्वतंत्र लांब क्रमांक असे. पुढे घाई झाली आणि नुसती दोन अक्षरं व आखूड मालिका-क्रमांक छापून गठ्ठेच्या गठ्ठे सोडले गेले. पाच रुबलच्या १९०९ सालच्या नोटेवरही असाच फरक आहे. नोटेवर साल १८९८ किंवा १९०९, राजचिन्ह झारचं, सही शिपोव्हची, आणि त्यातल्या कितीतरी छापल्या लेनिनच्या सरकारने.

नव्या सरकारच्या माणसाची सही असलेली पहिली मोठी मालिका आली तीही अशीच आडवाटेने. हंगामी सरकारच्या काळात काही नव्या नोटांचे आराखडे तयार होऊन पडले होते. मुकुट नसलेला गरुड, मोठ्या नोटांवर स्वस्तिकाची नक्षी. तेच वापरले, साल टाकलं १९१८, आणि सही घेतली ग्योर्गी प्याताकोव्हची. प्याताकोव्ह तेव्हा तिशीच्याही आतला, क्रांतीनंतर स्टेट बँकेवर नेमलेला मुख्य कमिसार. एक रुबलपासून दहा हजारांपर्यंतच्या या नोटा लोकांच्या हाती पडायला मे १९१९ उजाडला. तोवर प्याताकोव्ह बँक सोडून केव्हाच युक्रेनला गेला होता. नोटांना मात्र ‘प्याताकोव्का’ हेच नाव पडलं. गरुड केरेन्स्कीचा, साल मागचं, सही निघून गेलेल्या माणसाची.

खऱ्या अर्थाने सोव्हिएत म्हणता येईल अशी नोट १९१९ मध्ये आली. तिच्यावर विळा-हातोड्याचं चिन्ह आहे. या चिन्हाच्या मूळ रेखाटनात एक तलवारही होती, ती लेनिनने काढायला लावली. नोटेला नोट म्हणायचंही नव्हतं. ‘हिशोबाचा चिठोरा’ म्हणता येईल असं नाव तिच्यावर छापलं, कारण पैसा हीच गोष्ट लवकरच जाणार असा पक्षातल्या बऱ्याच जणांचा विश्वास होता. सही निकोलाय क्रेस्तिन्स्कीची, अर्थखात्याचा लोककमिसार, म्हणजे मंत्री, म्हणून. पंधरा, तीस आणि साठ रुबल अशा विचित्र किमतीही त्यात होत्या. एक, दोन, तीन रुबलचे कागद टपाल तिकिटाएवढे.

शंभरापासून दहा हजारांपर्यंतच्या १९१९ च्या नोटा मात्र पाहण्यासारख्या आहेत. जगातल्या कामगारांनी एक व्हावं ही घोषणा त्यांच्यावर सात भाषांत छापली आहे: रशियन, जर्मन, फ्रेंच, इटालियन, इंग्रजी, चिनी आणि अरबी. क्रांती आता बर्लिनला, मग पॅरिसला, मग शांघायला पोचणार, या भरवशाने काढलेली ही नोट. बाबेलच्या मनोऱ्याच्या गोष्टीवरून संग्राहक तिला ‘वाविलोन्का’ म्हणतात. इतक्या लिप्यांचा जुळारी एका छापखान्यात कुठून आणायचा? १९२१ च्या पाच हजार रुबलच्या नोटेवर जर्मन घोषणेत कामगार या शब्दातल्या एका आरच्या जागी पी पडला आहे. रशियन लिपीत र हे अक्षर रोमन पीसारखंच लिहितात, जुळाऱ्याच्या हाताने सवयीचा खिळा उचलला असावा. पुढे चूक दुरुस्त झाली. मी दोन्ही नोटा शेजारी ठेवतो. चुकीची जरा जास्त आवडते.

छापखान्यांना उसंत नव्हती. जर्मन सैन्य पेत्रोग्राडच्या जवळ आलं तेव्हा १९१८ मध्ये यंत्रसामग्रीचा बराच भाग पूर्वेला पेंझाला हलवला होता. पेंझा, मॉस्को, पेत्रोग्राड, पेर्म, पुढे रोस्तोव्ह, सगळीकडे नोटा छापणं चालू. १५ मे १९१९ च्या फर्मानाने देशाच्या अर्थव्यवस्थेला गरज असेल तितक्या नोटा काढायची मुभा बँकेला दिली, म्हणजे लगामच काढून टाकला. त्याच वर्षी जूनमध्ये या सगळ्या कारखान्यांवर देखरेख करणारं खातं उभं राहिलं, तेच आजही रशियाच्या नोटा छापणारं गोझनाक. जानेवारी १९२० मध्ये स्टेट बँकच बरखास्त केली. पैसा जाणारच, तर बँक कशाला? पक्षातला अर्थशास्त्री प्रिओब्राझेन्स्की याने कागदी पैशावर लिहिलेलं पुस्तक चक्क नोटा छापणाऱ्या यंत्राला अर्पण केलं. त्या यंत्राला तो अर्थखात्याची मशिनगन मानत होता. कर बसवता येत नसताना जुन्या धनिकांच्या गाठीचा पैसा नुसता छापून छापून मातीमोल करता येतो, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकला नाही. फक्त त्या माऱ्यात कामगाराची मजुरीही सापडली.

मॉस्कोच्या नोटा जिथे पोचत नव्हत्या तिथे स्थानिक नोटा निघाल्या. शहरं, कारखाने, सहकारी दुकानं, बंडखोर सेनापती, सगळ्यांनी आपापले कागद छापले. दक्षिणेत देनिकिनच्या बोल्शेविकविरोधी श्वेत सैन्याने हजाराच्या नोटेवर क्रेमलिनमधली प्रचंड घंटा काढली. उत्तरेत अर्खान्गेल्स्कला ब्रिटिश सैन्य उतरलं होतं, तिथला रुबल चाळीसाला एक पौंड अशा दराने बँक ऑफ इंग्लंडमधल्या ठेवीवर उभा होता. ही योजना लंडनच्या ट्रेझरीत अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या टेबलावरून गेली होती. तरी त्या काळातल्या माझ्या आवडीच्या नोटा मध्य आशियातल्या. आजचं अल्माटी तेव्हा व्हेर्नी या नावाचं गाव होतं, सेमिरेच्ये प्रांताचं ठाणं. मॉस्कोशी संपर्क तुटलेल्या तिथल्या सोव्हिएत कारभाऱ्यांनी १९१८ मध्ये नोटा काढल्या आणि तारण काय, तर बँकेत ठेवलेली अफू! हे नोटेवर सरळ लिहिलं आहे. त्या मुलखात अफू पिकत होती, सोनं नव्हतं, आणि अफूला गिऱ्हाईक होतं. हसू येतं खरं, पण त्या साली मॉस्कोच्या नोटेमागे तेवढंही नव्हतं.

खिव्यात कागदाचाच तुटवडा. तिथे रेशीम होतं आणि लाकडी ठसे कोरणारे कारागीरही. आधी खानाच्या राजवटीत आणि १९२० नंतर खोरेझ्मच्या सोव्हिएत प्रजासत्ताकात रेशमी कापडावर ठशांनी नोटा छापल्या गेल्या. अरबी लिपीतला मजकूर, आणि जोडीला रशियन. रंग हाताने घोटलेले, त्यामुळे एकीचा लाल दुसरीशी जुळत नाही. या नोटा धुता येत. चलनातून गेल्यावर बायकांनी त्या जोडून रजया शिवल्या अशी गोष्ट संग्राहक सांगतात. रेशीम बोटांत धरलं की ती खोटी वाटत नाही.

१९२१ ला मॉस्कोच्या बाजारात लाखाची नोट होती आणि त्यावर एक, पाच, दहा दशलक्ष रुबलची सरकारी वचनपत्रं. दशलक्षाला लोक ‘लिमोन’, म्हणजे लिंबू म्हणत. त्या वर्षी व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ पडला. मार्चमध्ये लेनिनने धोरण फिरवलं, शेतकऱ्याला धान्य विकायची मोकळीक दिली, आणि मोकळीक दिली तर किमतीला काही तरी माप हवंच. त्या वर्षाच्या शेवटी बंद केलेली बँक पुन्हा उघडली. जगभर क्रांती झाल्यावर सोन्याचे सार्वजनिक संडास बांधू असं लेनिनने नोव्हेंबरात पक्षाच्या ‘प्रवदा’ वृत्तपत्रात लिहिलं, पण त्याच लेखात सध्या मात्र सोनं जपून आणि चढ्या भावाने विकावं असंही बजावलं.

मग शून्यं छाटायला सुरुवात झाली. १९२२ चा एक रुबल म्हणजे आधीचे दहा हजार. १९२३ चा एक रुबल म्हणजे १९२२ चे शंभर, म्हणजे मूळचे दहा लाख. हा हिशोब लोकांना समजावा म्हणून १९२३ च्या नोटांच्या पाठीवर तो छापावा लागला, आणि एका खेपेत पुरेसा स्पष्ट झाला नाही म्हणून दुसऱ्या खेपेत मजकूर वाढवला. त्यावरून पहिली खेप आणि दुसरी खेप ओळखता येते. पाठीवर गणित शिकवणाऱ्या नोटा मी तरी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

१९२२ च्या नोटांवर अजून क्रेस्तिन्स्कीची सही आहे, १९२३ पासून ग्रिगोरी सोकोल्निकोव्हची. या माणसाला पैसा जाणार वगैरे गोष्टींत रस नव्हता. पॅरिसला कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला हा जुना बोल्शेविक. नोटा छापत सुटणं ही अर्थव्यवस्थेची अफू आहे, असं तो म्हणे. व्हेर्नीच्या लोकांना हे ऐकून काय वाटलं असतं! त्याने कामाला कोणाला लावलं हे पाहण्यासारखं आहे. निकोलाय कुत्लेर हा झारच्या सरकारात कृषिखात्याचा प्रमुख होता, पुढे उदारमतवादी कॅडेट पक्षाचा पुढारी, म्हणजे बोल्शेविकांचा घोषित शत्रू. तो नव्या स्टेट बँकेच्या मंडळावर बसला. बँकेचा अध्यक्ष आरोन शाइनमान हा पक्का पक्षवाला. या दोघांच्या सह्या एकाच नोटेवर आहेत, आणि ती नोट म्हणजे चेर्वोनेत्स.

११ ऑक्टोबर १९२२ च्या फर्मानाने चेर्वोनेत्स जन्मला आणि नोव्हेंबरअखेर लोकांसमोर आला. किंमत झारच्या दहा रुबलच्या सोन्याच्या नाण्याएवढी, ७.७४ ग्रॅम शुद्ध सोनं. मागे चौथा हिस्सा सोनं आणि पक्कं परकी चलन, उरलेल्याला खपाऊ माल आणि अल्पमुदतीच्या हुंड्या. नोट हातात घेतली की पहिल्यांदा शांत वाटतं. चरचरीत पांढरा कागद, एकाच बाजूला काळसर छपाई, वर लहानसं राजचिन्ह, बाकी मजकूर आणि सह्या. कामगार नाही, घोषणा नाही, सात भाषा नाहीत. तिला मुद्दाम लंडनच्या पांढऱ्या नोटेच्या घराण्यातली करून घेतली होती. सोन्यात बदल करून देण्याची सुरुवात सरकार खास हुकमाने जाहीर करील, असंही तिच्यावर छापलं होतं. तो हुकूम कधी निघाला नाही. तरी लोकांनी नोट स्वीकारली, आणि माझ्या मते त्यात तिच्या या अबोल रूपाचा वाटा कमी नव्हता. पाच वर्षं चित्रविचित्र कागद हाताळलेल्या माणसाला कंटाळवाणी नोटच विश्वासाची वाटते.

पुढचं सव्वा वर्ष दोन चलनं एकत्र नांदली. चेर्वोनेत्स स्थिर, जुना सोव्हिएत रुबल रोज घसरता. शहरातल्या व्यापाऱ्याकडे चेर्वोनेत्स राही. धान्य विकणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हाती संध्याकाळपर्यंत वितळणारा कागद पडे. मार्च १९२४ मध्ये हिशोब मिटवला गेला. १९२३ चे पन्नास हजार रुबल द्या आणि नवा एक सोन्याचा रुबल घ्या. मूळच्या नोटांत मोजलं तर पन्नास अब्ज रुबलचा एक रुबल.

स्थैर्य आलं तसे नोटांवर चेहरे परत आले, पण राजाचे नाहीत. १९२२ मध्ये गोझनाकने शिल्पकार इवान शाद्र याच्याकडे काम दिलं: कामगार, शेतकरी, लाल सैनिक आणि पेरणी करणारा असे चार पुतळे करून दे, आम्ही त्यांच्यावरून नोटा आणि तिकिटं कोरू. शाद्र उरलकडच्या शाद्रिन्स्क गावाचा, गावाचंच नाव त्याने घेतलेलं. तो आपल्या मुलखात परतला आणि तिथल्या खेड्यांतले शेतकरी समोर बसवून त्याने मातीकाम केलं. १९२३ च्या पंधरा हजारांच्या नोटेवरचा दाढीवाला शेतकरी आणि पंचवीस हजारांवरचा टोकदार टोपीतला सैनिक हे त्यातलेच. त्याचा पेरणी करणारा १९२४ च्या तीन चेर्वोनेत्सच्या नोटेवर आला आणि १९२३ च्या सोन्याच्या नाण्यावरही. नाण्याची एक अडचण झाली. परदेशात सोव्हिएत चिन्हाचं सोनं घ्यायला लोक कां-कूं करत. तेव्हा १९२५-२६ मध्ये लेनिनग्राडच्या, म्हणजे जुन्या पेत्रोग्राडच्या, टाकसाळीने पुन्हा निकोलसच्या चेहऱ्याची नाणी पाडली. शिपोव्हच्या सहीचा धडा त्यांना पाठ होता.

या सगळ्या रद्दीचं काय करायचं, याचंही उत्तर सरकारने शोधलं होतं. दुष्काळग्रस्तांसाठी आणि निराधार मुलांसाठी निधी उभारायला तिकिटं आणि बाद नोटा परदेशी संग्राहकांना विकायची एक सरकारी व्यवस्था फ्योदोर चुचिनच्या हाताखाली सुरू झाली. त्याच चुचिनच्या संपादनाखाली रशियाच्या मुलखात निघालेल्या कागदी पैशाचा कॅटलॉग निघाला. त्याची १९२७ ची आवृत्ती आजही या विषयात आधार मानली जाते. श्वेत सेनापतींचे कागदही त्यात नीट क्रमाने लावलेले आहेत. सोव्हिएत खात्याने हे केलं ही मोठीच गोष्ट, आणि आपल्या छंदाला भाकरीसाठी वापरणाऱ्या त्या कारकुनांबद्दल मला आदर वाटतो.

कुत्लेर १९२४ मध्ये आजारपणात गेला. शाइनमान १९२९ मध्ये परदेशी गेला तो परतला नाही. लंडनला राहून तिथेच १९४४ मध्ये वारला. बाकीच्यांना हे दोन्ही रस्ते मिळाले नाहीत. जानेवारी १९३७ मध्ये मॉस्कोला जुन्या बोल्शेविकांवरच्या दिखाऊ खटल्यांपैकी दुसरा मोठा खटला उभा राहिला. आरोपींच्या पिंजऱ्यात प्याताकोव्ह आणि सोकोल्निकोव्ह एकत्र होते. प्याताकोव्हला लगेच गोळी घातली, सोकोल्निकोव्हला दहा वर्षं दिली आणि १९३९ मध्ये तुरुंगातच त्याचा खून करवला. कागदी पैशाची मशिनगन करणारा प्रिओब्राझेन्स्की १९३७ मध्येच गेला. मार्च १९३८ च्या तिसऱ्या खटल्यात क्रेस्तिन्स्की उभा होता. पहिल्या दिवशी त्याने भर कोर्टात आधीचा कबुलीजबाब खोटा आहे असं सांगितलं. एका रात्रीनंतर तो पुन्हा सगळं कबूल करत होता. त्याच पिंजऱ्यात ग्रिन्कोही होता, १९३० पासून अर्थखातं सांभाळणारा. दोघांनाही एकाच महिन्यात गोळ्या घातल्या. ब्र्युखानोव्हची पाळी त्याच वर्षी सप्टेंबरात आली.

ग्रिन्कोमुळे गोझनाकपुढे पेच पडला. १९३४ सालाच्या एक, तीन आणि पाच रुबलच्या ट्रेझरी नोटांवर त्याची सही होती आणि त्या अजून छापल्या जात होत्या. ऑगस्ट १९३७ मध्ये त्याला अटक झाली आणि लोकांच्या शत्रूची सही देशभर खिशाखिशांत फिरू लागली. नव्या माणसाची टाकावी, तर तो किती दिवस टिकेल? शेवटी ठशावरून सहीच काढली. म्हणून १९३४ च्या या नोटांचे दोन प्रकार मिळतात, सहीचा आणि बिनसहीचा, साल मात्र दोन्हींवर १९३४. बिनसहीच्या नोटेत मजकुराखाली एक पांढरी पट्टी तेवढी जादा दिसते.

त्याच १९३७ साली चेर्वोनेत्सवर पहिल्यांदा लेनिनचा चेहरा आला. सही नाही. १९३८ च्या एक रुबलवर खाणकामगार, तीनवर सैनिक, पाचवर वैमानिक. सही नाही. १९४७ च्या मालिकेवर नाही आणि १९६१ च्याही नाही. कॅटलॉगमध्ये या नोटा लावणं त्यामुळे सोपं जातं, कारण सहीनुसार पोटप्रकार करावे लागत नाहीत.